टायर आधी ठरले, गाडी नंतर: एका डॅटसन 240झेडची ट्रॅकसाठी पुनर्बांधणी

मागणी काय होती

गाडी 1972 सालची डॅटसन 240झेड. मालकांना ती नीट उभी करून हवी होती आणि अधूनमधून ट्रॅक डेला पळवायची होती. शर्यतीत उतरण्याचा विचार नव्हता. गाडी रस्त्यावरून चालवत ट्रॅकवर न्यायची, दिवसभर मनसोक्त पळवायची आणि संध्याकाळी चालवतच घरी आणायची, एवढाच बेत होता.

येताना ते एक यादी घेऊन आले होते. सगळ्यात वर 2.8 लिटरचं एल28 इंजिन, मग तीन वेबर कार्ब्युरेटर, रुंद चाकं, सेमी-स्लिक टायर (कमी खाचांचे, जास्त पकडीचे), मोठे ब्रेक आणि शेवटी रंग. पत्र्याचा उल्लेख कुठेच नव्हता, कारण वरून पत्रा चांगला दिसत होता.

कामाचा आराखडा माझ्याकडे होता. या गाडीबद्दल मला मनापासून प्रेम आहे, म्हणून ती यादी मी जशीच्या तशी हातात घेतली नाही.

ही गाडी मुळात कशी आहे

240झेड 1969 च्या शेवटी जपानमध्ये फेअरलेडी झेड या नावाने आली. लांब बॉनेटखाली 2,393 सीसीचं सहा सिलिंडरचं एल24 इंजिन, दोन एसयू धर्तीचे हिताची कार्ब्युरेटर आणि कंपनीने सांगितलेली 151 अश्वशक्ती. ही शक्ती तेव्हाच्या 'ग्रॉस' पद्धतीने मोजलेली आहे, त्यामुळे आजच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये. वजन जेमतेम 1,050 किलो. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पुढे डिस्क, मागे ड्रम आणि मूळ टायर 175 एचआर 14.

शर्यतीतली तिची कामगिरी मोठी आहे. अमेरिकेत पीटर ब्रॉक यांच्या संघाकडून जॉन मॉर्टन यांनी 1970 आणि 1971 अशी सलग दोन वर्षं एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेची सी-प्रॉडक्शन गटाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली तिने 1971 आणि 1973 मध्ये मारली. 1973 च्या विजयात स्टिअरिंगवर भारतीय वंशाचे शेखर मेहता होते. तेव्हा गाडीच्या दमाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण त्या गाड्या नव्या होत्या. आमच्यासमोरच्या गाडीचा पत्रा, बेअरिंग आणि बुश (सांध्यांतली रबरं) पन्नास वर्षं जुने होते.

पत्र्याने आधी खरं सांगितलं

गाडी लिफ्टवर घेतली. खालून सगळीकडे काळं अंडरकोटिंग मारलेलं होतं, आणि ज्या गाडीचं खालचं अंग इतकं एकसारखं काळं दिसतं तिथे मी आधी पेचकस घेतो. सीटखालच्या लांब पेटीसारख्या रेल्सवर पेचकसाच्या मुठीने ठोकत पुढे गेलो. पुढच्या भागात खणखणीत आवाज येत होता, मध्यावर तो बद्द झाला. तिथे टोक टेकवून थोडा जोर लावला तर पेचकस आत गेला. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत गंजलेल्या रेलवर नवा पत्रा नुसता पांघरून वर काळं फासलेलं होतं.

या गाडीच्या गंजाच्या जागा ठरलेल्या आहेत. बॅटरीच्या ट्रेखाली आम्लाने खाल्लेला पत्रा, काचेखालच्या पोकळीतली तुंबलेली पाण्याची वाट, दाराच्या मागचा खालचा कोपरा, डिकीच्या उंबऱ्याचा पत्रा, फ्लोअर आणि रेल. यातल्या बहुतेक जागा चुंबक फिरवून सापडल्या. जिथे पुट्टी जाड होती तिथे चुंबक धरतच नव्हता.

रस्त्यावर हळू फिरणाऱ्या गाडीत ही स्थिती वर्षानुवर्षं झाकून राहते. ट्रॅकवर तसं होत नाही. सस्पेन्शनचा सगळा जोर शेवटी पत्र्यावरच येतो. रेल खचलेली असेल तर गाडी वळणात पिळवटते, आणि मग स्प्रिंग कितीही कडक घातली तरी पहिली वाकते ती बॉडी. असल्या गाडीवर अलाइनमेंट करणं म्हणजे वेळ आणि मेहनत वाया घालवणं.

टायरचा हिशेब

पत्र्याला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवणं भाग होतं: टायर कोणते? मालकांना वाटलं, टायर तर शेवटी बसवायचे. मला ते सगळ्यात आधी हवे होते, कारण रेल किती जाड लावायची, बेअरिंग कोणते, इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये काय करायचं, हे सगळं टायर ठरवतात.

कागदावर मांडून दाखवलं. गाडी आणि चालक मिळून 1,120 किलो धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, दोन चाकांमधलं अंतर 1.35 मीटर. चांगल्या रस्त्याच्या टायरवर गाडी वळणात 0.85 जी पर्यंत (1 जी म्हणजे गाडीच्या वजनाइतका आडवा जोर) तग धरते असं समजू. तेव्हा आतल्या बाजूचं सुमारे 350 किलो वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. म्हणजे बाहेरच्या दोन चाकांवर एकूण 910 किलोच्या आसपास भार, आणि त्यांना आडवा रेटा बसतो 775 किलोचा.

आता सेमी-स्लिक घाला आणि 1.1 जी धरा. पकड वाढली 29 टक्के. पण वजनही जास्त सरकलं, बाहेरच्या चाकांवर 1,015 किलो आले आणि आडवा रेटा गेला 1,118 किलोवर. ही वाढ 44 टक्के आहे. पकड जितकी वाढते त्यापेक्षा बाहेरच्या चाकाचा मार बराच जास्त वाढतो, आणि तो मार हब, बेअरिंग, चाक फिरवणारा आखूड दांडा म्हणजे स्टब अ‍ॅक्सल आणि स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या खांबाच्या) टॉवरला सोसावा लागतो. 240झेडचे मागचे स्टब अ‍ॅक्सल ही तर जाणकारांना माहीत असलेली दुखरी जागा आहे. जास्त पकडीच्या टायरवर ते तुटल्याची उदाहरणं आहेत, म्हणूनच ट्रॅकवाले नंतरच्या 280झेडचे 27 खाचांचे (स्प्लाइनचे) जाड अ‍ॅक्सल शोधत फिरतात.

हेच तेलाचंही. 1 जी च्या वळणात संपमधल्या तेलाची पातळी 45 अंशांनी कलते. लांब वळणात ती तशीच कललेली राहते, पंपाची तेल ओढणारी नळी, म्हणजे पिकअप, उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. बेअरिंगचं वाटोळं व्हायला तेवढे काही सेकंद पुरतात.

म्हणजे सेमी-स्लिक घ्यायचे तर त्यांच्यामागे अ‍ॅक्सल, बेअरिंग, तेलाची नवी व्यवस्था, बॉडीला मजबुती आणि ब्रेक अशी रांगच लागते. मालक हिशेब बघत थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मला तिला चालवायचंय. तिला तोडून बघायचं नाही."

ठरलं. 15 इंची, साडेसहा इंच रुंदीची चाकं आणि 195/60 आर15 मापाचे चांगल्या प्रतीचे रस्त्याचे टायर. याचा व्यास मूळ टायरच्या जवळपास बसतो, मडगार्ड कापावा लागत नाही, आणि पकड सुटताना ती हळूहळू सुटते. जुन्या गाडीत हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. गाडी घसरायला लागली आहे हे हाताला आणि बुडाला आधी कळतं, मग काय करायचं याला वेळ मिळतो.

बॉडीचं काम

कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे पाईप टाचले. हे टाळलं तर फ्लोअर काढल्यावर गाडी मध्यात बसते आणि नंतर दारं लागत नाहीत. खालच्या मापांसाठी कारखान्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ता समोर ठेवला आणि कर्ण मापले. मग एका वेळी एकच बाजू: जुनी रेल काढायची, नवी बसवायची, मापं घ्यायची, आणि तेव्हाच दुसऱ्या बाजूला हात लावायचा.

नव्या रेल्स मूळ पत्र्यापेक्षा थोड्या जाड घेतल्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या जोडापर्यंत लांबवल्या. स्ट्रट टॉवरभोवतीच्या शिवणींना तुटक वेल्ड मारले: इंचभर वेल्ड, दोन इंच मोकळं. सलग वेल्ड मारला असता तर पातळ पत्रा उष्णतेने वाकला असता. वेल्डिंग झाल्यावर पोकळ भागांत मेण भरलं. रंगाचा विषय या टप्प्यावर कोणी काढलाच नाही.

आत मागच्या बाजूला चार पायांचा रोल हूप (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) लावला. त्याच्या पायांखाली पत्र्याच्या दोन्ही अंगांना जाड प्लेटी दिल्या, नाहीतर उलटल्यावर पाय फ्लोअर फोडून खाली जातो. पूर्ण पिंजरा मी नाकारला. ही गाडी रस्त्यावरही चालणार आहे, आणि हेल्मेट नसलेल्या डोक्याशेजारी लोखंडी पाईप असणं हा वेगळाच धोका आहे. हार्नेसच्या (शर्यतीच्या सीटबेल्टच्या) खांद्याच्या पट्ट्या हूपच्या आडव्या दांडीवरून जवळजवळ सरळ मागे जातात. त्या खाली फ्लोअरला बांधल्या तर अपघातात मणका दाबला जातो.

मागची पिन

ज्यांनी ही गाडी उघडली आहे त्यांना हे उपशीर्षक वाचूनच कळेल.

मागचा खालचा आर्म आणि स्ट्रटचं ओतीव घर यांना एक लांब पिन जोडते. ती घराच्या आरपार जाते आणि मधोमध एका छोट्या लॉक-पिनने अडकवलेली असते. पन्नास वर्षांत ओतीव लोखंड आणि पिन गंजाने एकजीव होतात. आधी लॉक-पिन काढली. ती विसरून जो घण मारतो तो पिनही वाकवतो आणि घरही फोडतो. भेदक तेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी घराला गरम केलं, दुहेरी नट लावून टोकाचे आटे वाचवले आणि घाव घातले. उजवीकडची पिन केसभर सरकली आणि मग हळूहळू बाहेर आली. डावी हललीच नाही. शेवटी तिचे दोन्ही बाजूंचे भाग करवतीने कापून आर्म मोकळा केला आणि घर हायड्रॉलिक प्रेसखाली घेतलं. पिन सुटली तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि वर्कशॉपमधले सगळे वळून बघायला लागले.

नव्या पिना बसवताना त्यांना भरपूर अँटी-सीझ (धातू एकमेकांना चिकटू न देणारं वंगण) लावलं. पुढच्या वेळी हे काम जो कोणी करील त्याच्यासाठी.

पुढच्या टेन्शन रॉडबद्दल (खालच्या आर्मला पुढे-मागे सरकू न देणारा दांडा) एक सावधगिरी. इथे दोन्ही बाजूंना कडक पॉलियुरेथेन बुश लावायची फॅशन आहे. रॉडला वर-खाली डोलावं लागतं. दोन्ही बुश कडक असले की तो डोलण्याऐवजी मानेशी वाकतो, आणि असे रॉड तुटलेले आहेत. आम्ही एका बाजूला पॉली आणि मागच्या बाजूला रबर ठेवलं.

गाडी थोडीशीच खाली घेतली. जास्त खाली घेतली की खालचे आर्म उलटे कलतात, रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली जातो आणि खड्ड्यावर गाडी आपोआप वळायला बघते. तेवढ्या उतारासाठी स्ट्रट आणि स्टिअरिंग आर्मच्या मध्ये इंचभर जाडीचे स्पेसर दिले. मूळ गाडीत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलायची सोय नाही, म्हणून वर कॅम्बर प्लेट घातल्या आणि पुढे उणे अडीच अंश ठेवले.

ब्रेक: मोठे नव्हे, थंड

यादीत टोयोटाच्या पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर होते. या गाडीवर ते अनेकांनी बसवले आहेत आणि चांगले चालतात. पण आधी बघायचं होतं की मूळ ब्रेक नेमके कुठे कमी पडतात.

160 च्या वेगावरून 60 वर येताना ही गाडी सुमारे साडेनऊ लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये ओतते. त्यात जवळपास पावणेतीन लिटर गार पाणी उकळेल, आणि हे सगळं सव्वातीन सेकंदांत. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. इथे ताकदीची अडचण नाही, मूळ ब्रेक चाक जाम करू शकतात. अडचण उष्णता बाहेर काढण्याची आहे.

म्हणून मूळ कॅलिपरना नवे सील घातले, ट्रॅकच्या तापमानाला टिकणारे पॅड घेतले, रबरी पाईपच्या जागी स्टीलच्या जाळीचे पाईप टाकले आणि पुढच्या व्हॅलन्सपासून (बंपरखालच्या पत्र्यापासून) डिस्कच्या मध्यापर्यंत हवेच्या नळ्या नेल्या. ब्रेक फ्लुइडकडे लोक फार दुर्लक्ष करतात. डॉट 4 च्या मानकानुसार ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो. पाणी शोषल्यावर तो 155 पर्यंत घसरला तरी चालतो. ट्रॅकवर 155 अंश काहीच नाही. फ्लुइड उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट फ्लोअरला टेकतं. ट्रॅक डेच्या आधी नवीन फ्लुइड, हा नियम मालकांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिला.

मागचे ड्रम काढून डिस्क लावायचा आग्रह होता, तो मी सोडायला लावला. पूर्ण जोराने ब्रेक मारला की सुमारे 200 किलो वजन पुढे सरकतं आणि मागच्या दोन चाकांवर मिळून 350 किलोच उरतात. त्यांना एक तृतीयांशाहून कमी काम आहे. तिथे जास्त जोराचे ब्रेक बसवले की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. मूळ ड्रम अ‍ॅल्युमिनियमचे, पंखे असलेले आहेत आणि ते उत्तम काम करतात.

इंजिन

एल24 ठेवलं. लीक-डाउन चाचणीत (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघतात) एका सिलिंडरची हवा सायलेन्सरमधून फुसफुसत होती, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हता. हेड उतरवलं. इथे एक जागा अशी आहे जिथे अननुभवी माणूस हमखास अडकतो: कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, सोडण्याआधी चेनच्या दोन पदरांमध्ये लाकडी पाचर घट्ट ठोकावी लागते. ती नसेल तर चेन ताणून धरणारा टेन्शनर बाहेर पडतो आणि मग तो परत बसवायला इंजिनचं पुढचं सगळं कव्हर काढावं लागतं.

व्हॉल्व्ह आणि सीट घासले, हेड सपाट केलं. कॅमवर तेल शिंपडणाऱ्या नळीची दोन छिद्रं कचऱ्याने बंद होती आणि नेमके त्यांच्याखालचे कॅमचे उंचवटे (लोब) झिजलेले होते. कॅम, रॉकर नवे घातले. नवा कॅम पहिल्यांदा सुरू करताना इंजिन आयडलवर ठेवायचं नाही. सुरू होताच 2,000 आरपीएमवर न्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच, झिंक असलेल्या तेलावर. व्हॉल्व्हचं अंतर गरम इंजिनवर इनटेक 0.25 मिमी आणि एक्झॉस्ट 0.30 मिमी.

कार्ब्युरेटर गोल डोक्याचे मूळचेच ठेवले. ते नीट जुळवले की पायाला इतकी सलग ओढ देतात की वेबर नसल्याची खंत वाटू नये. संपमध्ये तेल अडवणारे पडदे वेल्ड केले, थर्मोस्टॅट असलेला ऑइल कूलर लावला, नवा रेडिएटर घातला. मूळ अँमीटरमधून गाडीचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत जाऊन परत येतो. तो मार्ग बंद करून व्होल्टमीटर आणि हेडलाइटसाठी रिले दिले. इंधनाचे सगळे रबरी पाईप बदलले. जुन्या गाडीला आग लागते ती बहुतेक या दोन ठिकाणांहून.

काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवला आहे.

ट्रॅकवर

पहिल्या दिवशी मालकांना सांगितलं होतं की वेगाकडे बघू नका, ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघा. गाडी सरळ आणि शांत चालली. एका लांब उजव्या वळणाच्या शेवटी काटा किंचित खाली वाकत होता. तेल अर्धा लिटर जास्त ठेवलं, वाकणं थांबलं. याच वळणावर सेमी-स्लिक असते तर अर्ध्या लिटरने भागलं नसतं.

ब्रेकचं पेडल शेवटपर्यंत कडक राहिलं. पुढच्या पॅडवर मात्र कडेला जास्त झीज होती, म्हणजे हवेच्या नळीचं तोंड डिस्कच्या एकाच बाजूला वारा घालत होतं. ते वळवून घेतलं. जास्त वेगात नाक हलकं होण्याची या गाडीची खोड प्रसिद्ध आहे, सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग खरोखरच सैल लागत होतं. ब्रॉक यांच्या संघाच्या गाड्यांवर पुढे खालचा स्पॉयलर होता तो याच कारणासाठी. तशाच घाटाचा पुढचा स्पॉयलर आणि मागे डिकीवर छोटी कड लावली, त्यानंतर हात स्थिर झाले.

एक नवी गोष्ट उघड झाली. गिअर टाकून जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागून 'धप्' असा आवाज. डिफरन्शिअलच्या पुढच्या माउंटचं रबर दोन थरांत सुटलं होतं. ओढ पडली की डिफरन्शिअलचं नाक वर उठायचं. हे रबर बाहेरून अखंड दिसतं, खालून जॅक लावून उचललं की फट दिसते. नवं माउंट आणि वरून धरणारा पट्टा बसवला.

आज गाडी कुठे आहे

मालक तिला नियमित ट्रॅकवर नेतात. मूळचे स्टब अ‍ॅक्सल अजून गाडीत आहेत, पण दर हंगामाच्या शेवटी ते बाहेर काढून डाय पेनिट्रंटने (बारीक तड्यांत शिरणाऱ्या रंगाने) तडे तपासतो. 280झेडची एक जोडी मिळाली तर तडा दिसायची वाट न बघता ती घालायची आहे. चार पिस्टनच्या कॅलिपरचा विषय मालकांनी स्वतःच बाजूला ठेवला. रंगाचं काम आता घेतलं आहे. मूळ केशरी रंगाचा एक तुकडा डॅशबोर्डच्या मागे, उन्हापासून वाचलेला सापडला, त्यावरून छटा जुळवली. एल28 अजूनही त्यांच्या मनात आहे आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. मात्र त्याआधी क्लच, गिअरबॉक्सचे सिंक्रो आणि मागचे अ‍ॅक्सल या क्रमाने काम करायचं, असं आमचं ठरलं आहे.